न हललेला ठिपका

कानकाकांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. पाणीपुरवठ्याच्या आमच्या ऑफिसात शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे त्यांना कानकाकाच म्हणत, कारण त्यांचं कामच कानाचं होतं. शहराखालून गेलेल्या मुख्य पाइपाचा अकरा किलोमीटरचा टप्पा त्यांच्याकडे होता. अर्धा आज, अर्धा उद्या. सकाळी सातला ते छातीएवढी उंच लोखंडी दांडी घेऊन निघायचे. पाच-सहा पावलं चालायची, दांडीचं टोक रस्त्याला नाहीतर व्हॉल्व्हच्या झाकणाला टेकवायचं, वरच्या लाकडी गोळ्याला कान लावायचा आणि डोळे मिटायचे. खाली कुठे पाणी गळत असेल तर दांडीतून बारीक सुस्काऱ्यासारखा आवाज येतो म्हणे. म्हणे अशासाठी की मला तो कधीच आला नाही.

मी नोकरीला नवीन लागलो तेव्हा मला महिनाभर त्यांच्याबरोबर चालायला पाठवलं होतं. मी डिप्लोमा केलेला, त्यामुळे अंगात मस्ती होती. दांडीला कान लावून लावून माझा कान लाल व्हायचा आणि काका गंभीर चेहऱ्याने विचारायचे, "काही ऐकू येतंय? नाही ना? मग लग्न झालेलं दिसतंय तुझं." घरी काकू उलटंच म्हणायच्या. यांना रस्त्याखालचं ऐकू येतं, समोर उभं राहून बोललेलं तेवढं येत नाही. मी सारखा काहीतरी समजावून सांगत असायचो म्हणून काकांनी माझं नाव मास्तर ठेवलं. ते नाव ऑफिसभर झालं. आधी मला राग यायचा, नंतर ते आवडायला लागलं. आपण खरंच मास्तर आहोत असं मला वाटायला लागलं, आणि तिथेच सगळं बिघडलं.

सत्तावीस वर्षांत काकांच्या टप्प्यात एकही गळती त्यांच्या कानातून सुटली नव्हती. हे मी नाही सांगत, खोदकामवाले सांगायचे. काकांनी खडूने रस्त्यावर फुली मारली की ते दुसरा विचार न करता कुदळ घालायचे. काका संध्याकाळी डायरीत दोन ओळी लिहायचे, कुठून कुठवर चाललो आणि कुठे फुली मारली. बस्स, एवढंच. त्यांच्या शब्दावर रस्ते खोदले जात होते.

मग वरून हुकूम आला की डायऱ्या बंद. लाइनवर चालणाऱ्या प्रत्येकाच्या हातात जीपीएसचं यंत्र द्यायचं, म्हणजे कोण कुठे गेला ते नकाशावर दिसेल. यंत्र निवडायचं काम उपकरणांच्या खोलीत बसणाऱ्या माझ्याकडे आलं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

तीन कंपन्यांनी नमुने पाठवले. दिसायला तिन्ही सारखीच, मुठीत मावणारी, वर बटणं. दुसरा कोणी असता तर त्याने पडदा मोठा कुणाचा, बॅटरी टिकते कुणाची, एवढं बघून ठरवलं असतं. मी तसल्या वरवरच्या गोष्टींत अडकणारा नव्हतो. मी पोटातली चिप बघितली. उपग्रहांचे संदेश पकडून आपण कुठे आहोत हे काढणारी ती चिप हाच या यंत्राचा जीव, बाकी सगळं प्लास्टिक, असं मी जेवणाच्या सुट्टीत प्रत्येकाला धरून धरून सांगत होतो. लोक मला बघून डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर जायला लागले.

गच्चीवर पाण्याच्या टाकीचं झाकण आहे, त्यावर मी तिन्ही यंत्रं ओळीने ठेवली आणि चार तास तशीच राहू दिली. खाली येऊन नकाशा काढला. पहिल्या दोन यंत्रांनी त्या चार तासांत जागच्या जागी नुसता गुंता करून ठेवला होता, लहान मूल पेन्सिलीने गिरगटतं तसा. ठिपका पाच मीटर इकडे, आठ मीटर तिकडे. तिसऱ्याचा ठिपका एकच. चार तास तसूभर हलला नव्हता. मला काय आनंद झाला! हीच ती चिप. माहितीपत्रकात तिच्यापुढे मोटारींसाठी खास बनवलेली असं लिहिलं होतं. मी मनात म्हटलं, मोटारीला चालते तर माणसाला का नाही चालणार. तीन पानांची टिप्पणी लिहिली, त्यात स्थिरता हा शब्द अकरा वेळा आला, आणि साहेबांनी सही केली.

एकाही यंत्राला घेऊन मी पाच पावलं चाललो नव्हतो. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

यंत्रं वाटायच्या दिवशी सगळे लाइनवाले हॉलमध्ये जमले. मी फळ्यावर उपग्रह काढून दाखवले. काका मागच्या खुर्चीत दांडी मांडीवर आडवी ठेवून बसले होते. त्यांनी हात वर करून विचारलं की मी फार हळू चालतो, थांबत थांबत, तर याला ते जमेल का. प्रश्न सरळ होता. त्याला सरळ उत्तर द्यायला मला निदान एकदा तपासून बघावं लागलं असतं. मी म्हटलं, "काका, हे मोटारीला पकडतं, तुम्हाला नाही पकडणार होय?" हॉल हसला. काकाही हसले.

पंधरा दिवसांनी नकाशे निघाले. सगळ्यात सुंदर रेघ होती ती आमच्याकडच्या एका तरण्या लाइनवाल्याची. त्याला सगळे वारा म्हणायचे, कारण तो टप्प्यावर आला कधी आणि गेला कधी ते कुणाला कळायचं नाही. दांडी खांद्यावर, ती जमिनीला टेकवायचा त्रासच नाही. त्याची रेघ पाइपावरून अशी गेली होती की जणू पट्टी ठेवून ओढली आहे. आणि कानकाकांच्या नकाशावर रेघ नव्हतीच. होते ते सात-आठ ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या सरळ रेषा, गल्ल्या सोडून घरांवरून गेलेल्या. एका ठिपक्यावर ते दोन तास दहा मिनिटं होते. तो ठिपका नेमका चहाच्या दुकानासमोर होता.

खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं नाही. मला आनंद झाला. माझ्या यंत्राने काहीतरी पकडलं होतं. सत्तावीस वर्षं ज्या माणसापुढे अख्खं ऑफिस मान डोलवत होतं, तो चहाच्या दुकानात बसतो आणि कुणाच्या तरी स्कूटरवरून पुढच्या चौकात उतरतो, हे मी, मास्तरने, उघडकीला आणलं होतं. मी लाल पेनाने त्या ठिपक्यांभोवती गोल काढले आणि नकाशा साहेबांच्या टेबलावर ठेवला. गोल काढायला कुणी सांगितलं नव्हतं.

साहेबांनी काकांना बोलावलं. मी बाजूला उभा होतो. काकांनी नकाशा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि परत टेबलावर ठेवला.

"मी चाललो, साहेब. रोज चाललो."

"मग हे काय आहे?"

"ते मला नाही वाचता येत. पण मी चाललो."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "यंत्र चुकू शकतं का?"

काकाही माझ्याकडे बघत होते. आशेने वगैरे नाही, शिकलेल्या माणसाकडे बघतात तसं. ज्याच्या त्याच्या कामातलं ज्याला त्याला कळतं, अशी त्यांची समजूत होती. महिनाभर मी त्यांच्यामागून चाललो होतो. एका गल्लीला ते किती वेळ लावतात हे माझ्या पायांना माहीत होतं. चहाच्या दुकानासमोरून जाताना ते मान वर करूनही बघत नाहीत, कारण तिथे पाइपाला जुना जोड आहे आणि तिथेच सगळ्यात जास्त ऐकावं लागतं, हे त्यांनीच मला सांगितलं होतं.

"नाही साहेब," मी म्हटलं.

काकांना लेखी समज मिळाली. महिनाभरात फेऱ्या नीट दिसल्या नाहीत तर लाइन काढून घेणार आणि निवृत्तीपर्यंतचे आठ महिने ऑफिसच्या फाटकावर बसवणार. काका कागद घेऊन गेले. दारातून बाहेर पडताना त्यांची दांडी चौकटीला अडकली. इतक्या वर्षांत असं कधी झालं नसेल.

नंतर कळलं की घरीही गोष्ट पोहोचली होती. त्यांची लेक औषधांच्या दुकानात कामाला होती, नकाशावर तिचा विश्वास. तिने एकदाच, हळूच विचारलं, बाबा, दुपारी कुठे बसता? काका हातपाय धुवायला उठले. काकूंनी विचारलंसुद्धा नाही. पण इतकी वर्षं डबा सकाळीच बरोबर देणाऱ्या काकू आता गरम जेवण नेते म्हणून दुपारी लाइनवर जायला लागल्या. कधी या चौकात, कधी त्या. काकांना कळत होतं की त्या डबा द्यायला येत नाहीत, बघायला येतात. ते डबा घ्यायचे, बरा झालाय म्हणायचे आणि रिकामा परत द्यायचे.

त्याच आठवड्यातल्या रविवारी मी एक यंत्र घरी आणलं. का, तर बायकोला दाखवायला. माझी मुलगी तेव्हा नुकती पावलं टाकायला लागली होती. तिला बोट धरून मी इमारतीच्या आवारात फिरवत होतो. चार पावलं, मग बसकण, एखादा खडा उचलून तोंडात, मग परत चार पावलं. अर्धा तास आम्ही त्या टोकापासून या टोकापर्यंत जवळजवळ दोनशे मीटर चाललो. वर येऊन मी ऐटीत यंत्र बायकोच्या हातात दिलं. बघ, आपली लेक कुठून कुठे गेली.

तिने बघितलं आणि म्हणाली, "ही तर जागची हललीच नाही."

मी यंत्र तिच्या हातून परत घेतलं. मी कपाटातून चिपचं तांत्रिक पुस्तक काढलं. यंत्राचं नव्हे, चिपचं, जे मी मोठ्या तोऱ्यात मागवून घेतलं होतं आणि पहिली दहा पानं वाचून ठेवून दिलं होतं. सत्तेचाळिसाव्या पानावर चार ओळी होत्या. मोटार सिग्नलला उभी असताना ठिपका उगाच भटकू नये म्हणून ठरावीक वेगाखाली ही चिप वाहन थांबलं आहे असं धरते आणि शेवटची जागा दाखवत राहते. वेग वाढला की ती जागी होते. गच्चीवर जी मला स्थिरता वाटली होती ती हीच. चिप आपलं काम चोख करत होती. रस्ता ओलांडताना काका भरभर चालायचे तेवढ्यापुरता त्यांचा ठिपका हलायचा, बाकी सगळा दिवस ते तिच्या लेखी उभे होते. जो जमिनीला कान लावत नव्हता त्याची रेघ सरळ येत होती आणि जो पावलापावलाला लावत होता तो चहाच्या दुकानात बसला होता. खाली एक ओळ अशीही होती की ही सोय बंद करता येते, पुरवठादाराला कळवावे.

मी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, उद्या गेल्या गेल्या सांगशीलच तू. मी हो म्हटलं.

सोमवारी मी सांगितलं नाही. साहेब बैठकीत होते. मंगळवारी ते मोकळे होते, पण मला वाटलं आधी नीट खात्री करावी. बुधवारी मी खात्री केली. जिन्यावरून हळूहळू तीन वेळा चढलो-उतरलो, ठिपका दगडासारखा. गुरुवारी मी साहेबांच्या दारापर्यंत गेलो आणि फाइल विसरल्यासारखं करून परत फिरलो. कारण काय सांगू? सांगायचं म्हणजे चिप मी निवडली हे सांगायचं. अकरा वेळा लिहिलेली ती स्थिरता खोटी होती हे सांगायचं. काकांनी हॉलमध्ये नेमका हाच प्रश्न विचारला होता आणि मी त्यांना हसून उडवलं होतं, हे सांगायचं. जेवणाच्या सुट्टीत लोक काय म्हणतील याची मला भीती वाटत होती. काकांची लाइन जाईल याची तेवढी वाटत नव्हती. बायकोने दोनदा विचारलं, सांगितलंस? दुसऱ्यांदा मी हो म्हणून टाकलं.

मी मूग गिळून बसलो होतो तेव्हा काका आपला उपाय शोधत होते. वाऱ्याची रेघ सरळ येते आणि आपली येत नाही, म्हणजे चालण्यातच फरक असणार, हे त्यांनी आपल्या डोक्याने काढलं. जे मला चिपचं पुस्तक घेऊन कळलं ते त्यांना पुस्तक न घेता अर्धं कळलं होतं. ते भरभर चालायला लागले. अठ्ठावन्नाव्या वर्षी, दांडी खांद्यावर टाकून, न थांबता. समज मिळाल्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्याचा नकाशा निघाला तेव्हा त्यांची रेघ वाऱ्याच्या रेघेला लाजवेल अशी होती.

साहेब खूश झाले. समज दिली की माणूस सुधारतो, असं म्हणाले. मला तो नकाशा काकांना दाखवायला सांगितला. मी दाखवला. छान आलीय रेघ, असंही म्हटलं. माहीत असूनही म्हटलं.

काकांनी नकाशाकडे बघितलंच नाही. "आठ दिवसांत काही ऐकलं नाही मी, मास्तर," ते म्हणाले. "नुसता चाललो."

मला कळल्याच्या अकराव्या दिवशी त्यांच्या टप्प्यातल्या एका शिंप्याच्या दुकानाची फरशी खचली. खाली कित्येक दिवस पाणी झिरपत होतं. कुणाला लागलं नाही, पण मशीन कलंडलं, शिवायला आलेले कपडे चिखलात गेले आणि अर्ध्या शहराचा नळ दोन दिवस बंद ठेवावा लागला. मी पोहोचलो तेव्हा काका खड्ड्याच्या काठावर गुडघे टेकून बसले होते. शिंपी ओरडत होता. काका त्याला सांगत होते की चूक माझी आहे, मी चार वेळा इथून गेलो, ही गळती माझ्या टप्प्यातली आहे. सत्तावीस वर्षांतली पहिली.

तेव्हा कुठे मी साहेबांकडे गेलो. पण तिथेही सरळ बोललो नाही. म्हटलं, पुरवठादाराकडून आत्ताच माहिती आली आहे, चिपमध्ये अशी अशी सोय असते, आपल्याला कुणीच कळवलं नव्हतं. साहेबांनी कपाळावर हात मारला. पुरवठादाराला कडक पत्र गेलं आणि काकांची समज मागे घेतल्याचा कागद तासाभरात टाइप झाला. शिंप्याच्या दुकानाचा ठपकाही त्यांच्यावर राहिला नाही. कागद नेऊन द्यायला मीच जातो म्हटलं. वाटलं, घरी एकट्याला गाठून तरी खरं सांगेन.

काका एकटे नव्हते. छोटं घर, दोन खोल्या. लेक नुकती कामावरून आलेली, काकू भाजी निवडत बसलेल्या. काकांनी कागद माझ्या हातून घेऊन लेकीकडे दिला आणि मोठ्याने वाच म्हणाले. तिने वाचला. यंत्रातील तांत्रिक कारणामुळे सदर कर्मचाऱ्याच्या फेऱ्यांची नोंद होऊ शकली नाही, सदर कर्मचारी नियमित कर्तव्यावर होते. ती तिथेच थांबली. काकूंनी हातातली जुडी खाली ठेवली, उठून आत गेल्या. लेक कागदाकडेच बघत राहिली. काका तिला म्हणाले, अगं, तुझी काय चूक, नकाशावर तसंच दिसत होतं.

मग ते माझ्याकडे वळले. "तुला कधी कळलं रे हे?"

एवढंच विचारलं. त्यांच्या आवाजात संशय नव्हता. मी अकरा दिवस म्हणू शकलो असतो. दोनच शब्द होते.

"काल," मी म्हटलं.

"काल कळलं आणि आज आलास." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मग आतल्या खोलीकडे बघून म्हणाले, "ऐकलंत का, मास्तरला चहा टाका. धावत आलाय बिचारा." काकूंनी डोळे पुसत चहा आणला. माझ्यापुढे ठेवताना त्या म्हणाल्या की मी यांना डबा नेऊन द्यायचा म्हणून जायचे, पण मन दुसरंच होतं, तुम्ही आलात म्हणून सुटले. मी चहा प्यायलो. अर्धा टाकायची हिंमत झाली नाही, सगळा प्यायलो.

पुरवठादाराने ती सोय बंद करून दिली. काका परत पाच पावलं चालून थांबायला लागले आणि त्यांचे नकाशे गिचमिड पण खरे यायला लागले. राहिलेल्या महिन्यांत त्यांनी नऊ फुल्या मारल्या, नऊच्या नऊ बरोबर निघाल्या. त्या सगळ्या महिन्यांत मला रोज संधी होती. ते रोज संध्याकाळी माझ्या खोलीत यंत्र जमा करायला यायचे, दोन मिनिटं बसायचे, माझ्या मुलीची चौकशी करायचे. उद्या सांगू, असं मी रोज ठरवायचो.

निवृत्तीच्या दिवशी हॉल भरला होता. साहेब बोलले, वाराही बोलला. काकांना भाषण येत नव्हतं, त्यांनी चार वाक्यांत आटपलं. म्हणाले की इतकी वर्षं कुणी माझ्या शब्दावर संशय घेतला नाही, एकदाच घेतला गेला, आणि त्या वेळी माझ्या घरातलेसुद्धा गप्प झाले होते. "तेव्हा एक माणूस माझ्यासाठी उभा राहिला. त्याला काल कळलं आणि आज तो माझ्या दारात होता." त्यांनी पहिल्या रांगेकडे हात केला, मी बसलो होतो तिथे.

सगळे माझ्याकडे वळून टाळ्या वाजवायला लागले. मी उभा राहिलो आणि सगळ्यांना हात जोडले.